पावसाळा संपला, पंप आणि जनरेटर आत ठेवताना

दसरा ते दिवाळी या मधल्या दिवसांत इच्छापोर, पाल, अडाजणपासून उधना-लिंबायतपर्यंत आपल्या लोकांच्या सोसायट्यांत एक काम सारखंच चालतं. चार महिने पार्किंगच्या तोंडाशी तयार ठेवलेला पेट्रोलवरचा पंप जिन्याखाली ढकलला जातो. गणपती आणि नवरात्रासाठी बाहेर काढलेला जनरेटर मंडळाच्या खोलीत, मखराच्या फळ्यांमागे जाऊन बसतो. वर एक प्लास्टिकचा कागद टाकला की काम झालं, असं समजून सगळे फराळाच्या तयारीला लागतात. मग जून-जुलैत एका रात्री पाणी चढतं, लाइट जाते, चार जण आळीपाळीने दोरी ओढतात आणि इंजिन नुसतं फुसफुसतं.

सुरतेत राहणाऱ्याला हे पाणी काय असतं ते सांगायची गरज नाही. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडलं गेलं, तेव्हा शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. रांदेर-अडाजणच्या घरांत तळमजले बुडाले होते. तसा पूर रोज येत नाही. पण खाडीपूर मात्र ठरलेला पाहुणा आहे, आणि नुसता मुसळधार पाऊस भरतीच्या वेळी पडला तरी तळघरातलं पार्किंग भरायला वेळ लागत नाही. आपण खानदेशातली माणसं तर हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी गावच्या फोनवरून आधीच ऐकतो. भुसावळचं पाणी उकाईत आणि उकाईचं आपल्या दारात, हा हिशेब आपल्याला पाठ आहे. पाणी येणार हे माहीत असतं. पंप चालेल की नाही, हेच तेवढं माहीत नसतं.

ही छोटी इंजिनं कामाने फारशी बिघडत नाहीत, ती बसून बिघडतात. वर्षातून वीस-तीस तास चालणारा पंप झिजून किती झिजणार? त्याचं नुकसान होतं ते उरलेल्या आठ महिन्यांत, टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलमुळे. म्हणून आत ठेवताना दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण पेट्रोल काढल्याशिवाय यंत्र ठेवू नये, असं आमचं सगळ्या सोसायट्यांना आणि मंडळांना आग्रहाचं सांगणं आहे.

पेट्रोल शिळं होतं म्हणजे काय

पेट्रोल हा एक पदार्थ नसून हलक्या-जड अनेक द्रवांचं मिश्रण आहे. इंजिन थंड असताना पेट घेण्याचं काम त्यातले हलके भाग करतात आणि तेच आधी उडून जातात. उरलेल्या भागाचा हवेशी संयोग होऊन हळूहळू चिकट, पिवळसर थर तयार होतो. शिळ्या पेट्रोलला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. एकदा तो ओळखला की विसरत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिका तीस दिवसांच्या आतलंच पेट्रोल वापरा, असं सांगतात. आपल्याकडच्या उन्हात ही मुदत सैल धरण्यात शहाणपण नाही.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली आणि आज बहुतेक पंपांवर तेच मिळतं. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये 200 मिलिलिटर इथेनॉल. ते बारडोली-सायणकडच्या उसाचं की आणखी कुठल्या धान्याचं हा वेगळा विषय. आपल्या पंपापुरतं महत्त्वाचं हे की इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. मर्यादेबाहेर पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून सुटतं आणि जड असल्यामुळे तळाला जाऊन बसतं. टाकीचा नळ तळालाच असतो. त्यामुळे इंजिनला पहिल्यांदा मिळतं ते हेच पाणी. गंजलेली टाकी, पांढरी बुरशी धरल्यासारखा दिसणारा कार्बोरेटर, फुगलेल्या रबरी नळ्या ही त्याचीच लक्षणं. पंप दहा-बारा वर्षं जुना असेल तर त्याची पुस्तिका एकदा उघडून पाहावी. अशा अनेक इंजिनांना कंपनीने 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगितलेलं असतं. बाजारात तसं पेट्रोल मिळणं आता कठीण. तेव्हा वापरताना हरकत घेता येत नसली तरी आठ महिने ते आत साठवून तरी ठेवू नये.

इच्छापोर ते हजिरा या पट्ट्यात राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे खारी हवा. गॅलरीच्या जाळ्या आणि एसीचं बाहेरचं यंत्र इथे किती लवकर गंजतं ते आपण पाहतोच. कार्बोरेटरमधलं जेट म्हणजे पितळेचा एक बारीक तुकडा, आणि त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान. त्यात चिकट थराचा एक कण बसला तरी इंजिन चालू होत नाही, किंवा फक्त चोक ओढून धरला तरच चालतं.

टाकी भरून ठेवावी की रिकामी?

यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. अमेरिका-कॅनडात बरेच लोक टाकी काठोकाठ भरतात, त्यात पेट्रोल टिकवणारं औषध घालतात, ते कार्बोरेटरपर्यंत पोचावं म्हणून इंजिन दहा मिनिटं चालवतात आणि मग बंद करून ठेवतात. भरलेल्या टाकीत हवा कमी राहते, म्हणून ओलावा कमी शिरतो आणि पत्रा गंजत नाही, असं त्यामागचं कारण. ते तिकडे ठीक आहे. आपल्याकडे यंत्र पार्किंगमध्ये, मीटरच्या पेटीजवळ किंवा मंडळाच्या कापडी सामानाशेजारी ठेवलेलं असतं. तिथे तीन-चार लिटर पेट्रोल आठ महिने ठेवणं आम्हाला मुळीच पटत नाही. आगीची भीती आहेच, शिवाय कुणीतरी ते काढून नेतो आणि तळाशी थोडंसं उरतं, म्हणजे सगळ्यात वाईट स्थिती. म्हणून आमचं मत रिकाम्या टाकीच्या बाजूने आहे. पत्र्याची टाकी असेल तर रिकामी केल्यावर आत दोन चमचे इंजिन ऑइल सोडून टाकी हलवून घ्यावी. पातळ थर बसतो आणि गंज रोखला जातो. प्लास्टिकच्या टाकीला त्याची गरज नाही.

पेट्रोल काढायचं ते इंजिन पूर्ण थंड असताना आणि उघड्यावर. तळघरात नाही, देवघराशेजारच्या खोलीत नाही, उदबत्ती किंवा विडी पेटलेली असेल तिथे तर नाहीच. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून ठेवायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. मुलांच्या हाती ती बाटली लागू शकते. धातूचा, घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. काढलेलं पेट्रोल महिन्याभरातलं आणि स्वच्छ असेल तर गाळून स्कूटरच्या भरत आलेल्या टाकीत थोडं थोडं मिसळून संपवता येतं. त्याला शिळा वास येत असेल किंवा तळाशी पाण्याचे गोळे दिसत असतील तर ते गॅरेजवाल्याच्या हवाली करावं. गटारात ओतू नये. आपली गटारं शेवटी खाडीतच जातात.

टाकी रिकामी झाली तरी कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल राहतंच, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. ते काढायचे दोन उपाय आहेत. टाकीचा कॉक बंद करून इंजिन चालू करावं आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं. बंद पडत आलं की चोक ओढावा, म्हणजे उरलंसुरलंही जळतं. पण एवढ्याने वाटीचा तळ पूर्ण कोरडा होत नाही. त्यासाठी वाटीच्या खालच्या बाजूला एक छोटा बोल्ट असतो, त्याला सहसा 10 नंबरचा पाना लागतो. खाली भांडं धरून तो सैल केला की उरलेले दोन-चार चमचे बाहेर येतात. त्या बोल्टाखालची चकती हरवू देऊ नका. ती हरवली की पुढच्या वर्षी तिथूनच पेट्रोल गळतं. जुने पंप पेट्रोलवर चालू करून केरोसिनवर चालवायचे असतील तर शेवटची काही मिनिटं पुन्हा पेट्रोलवर चालवून मग हे सगळं करावं, नाहीतर वाटीत केरोसिन राहतं आणि पुढच्या वेळी थंड इंजिन पेटत नाही.

ऑइल, प्लग आणि पाण्याची बाजू

ऑइल आत्ताच बदलावं, जूनमध्ये नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणाची आम्लं आणि ओलावा असतो, तो आठ महिने बेअरिंगला चिकटून राहण्यात काय फायदा? पेट्रोल संपवण्यासाठी इंजिन चालवलंच आहे, तर ते कोमट असतानाच ऑइल सोडलं की तळाची घाणही त्याच्याबरोबर निघते. साडेपाच हॉर्सपॉवरच्या आसपासच्या सामान्य इंजिनात सुमारे 600 मिलिलिटर ऑइल बसतं. नेमका आकडा आणि दर्जा पुस्तिकेत पाहून घ्यावा. भरताना यंत्र सपाट जागेवर हवं. ऑइल कमी असेल तर स्पार्कच तोडणारी सोय अनेक जनरेटरमध्ये असते, आणि ‘जनरेटर बिघडला’ म्हणून मिस्त्रीकडे जाणाऱ्या यंत्रांपैकी काही तर नुसती ऑइलवाचून अडलेली असतात.

मग प्लग काढावा. त्या भोकातून एक चमचाभर, म्हणजे पाच ते दहा मिलिलिटर स्वच्छ ऑइल आत सोडावं. दोरी हळूहळू दोन-तीनदा ओढावी, म्हणजे ते सिलिंडरच्या भिंतीला लागतं. भोकावर फडकं धरायला विसरू नका, नाहीतर ऑइल तोंडावर उडतं. प्लग साफ करून परत बसवावा आणि दोरी पुन्हा सावकाश ओढावी. एका जागी हाताला जोर लागतो, तिथे थांबावं. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा सिलिंडरमध्ये जात नाही. ही एवढीशी गोष्ट आहे, पैसा लागत नाही, आणि खाऱ्या हवेत तिचा उपयोग सगळ्यात जास्त.

पंपाची पाण्याची बाजू लोक विसरतात. पुराच्या पाण्यात चिखल, वाळू, कधी खाडीचं खारं पाणी असतं. एक बादली स्वच्छ पाणी पंपातून फिरवावं, मग पंपाच्या खालचं बूच काढून आतलं पाणी पूर्ण जाऊ द्यावं आणि ते बूच दोरीने पंपालाच बांधून ठेवावं. पाण्यात सोडायच्या पाइपच्या टोकाची जाळी धुऊन वाळवावी. पाइप सावलीत वाळवून मोठ्या वेटोळ्यात ठेवावेत. घडी पडली की तिथेच चीर जाते आणि पंप हवा ओढायला लागतो.

पुरात पंपाचं इंजिनच बुडालं असेल तर वरचं काहीही लागू नाही. दोरी ओढून पाहू नये. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी आत गेलं आहे. ते त्याच दिवशी काढून मिस्त्रीकडे न्यावं. आठवडाभर थांबलं की आतले भाग गंजून जाम होतात.

ठेवायची जागा कोरडी आणि जमिनीपासून वीतभर उंच असावी, विटांवर किंवा लाकडी फळीवर. पुराच्या पाण्याशी झगडायचं यंत्र पुराच्या पाण्यातच बुडावं, असं आपल्या तळघरांत सहज घडू शकतं, म्हणून शक्य असेल तिथे पहिल्या मजल्यावरची जागा पाहावी. झाकायला प्लास्टिक नको. त्याच्या आत घाम धरतो. जुनी सुती चादर उत्तम. उंदरांना वायरचं आवरण आणि एअर फिल्टरचा स्पंज आवडतो, आणि कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घर बांधते. तोंडात फडक्याचा बोळा घालावा, पण त्याला लाल चिंधी बांधून ती बाहेर लोंबती ठेवावी. बोळा तसाच ठेवून इंजिन चालू करणारे महाभाग असतात.

बर्फातल्या घरांसाठी

आपल्यापैकी अनेकांची मुलं-सुना टोरांटो, कॅलगरी, शिकागोकडे स्थिरावली आहेत. तिथे हीच गोष्ट उलट्या ऋतूत होते. गराजसमोरचा बर्फ बाजूला फेकणारा स्नो ब्लोअर एप्रिलमध्ये आत जातो आणि नोव्हेंबरात बाहेर येतो. ज्या दिवशी तो आत जातो त्याच सुमाराला गवत कापायचं यंत्र बाहेर निघतं. अंगावर रजई घेऊन पहाटे दार उघडावं, समोर कमरेएवढा बर्फ, मुलांची शाळा आणि आपली नोकरी पलीकडे, आणि यंत्र चालू होत नाही, ही तिथली खाडीपुराची रात्र. इंजिन चार स्ट्रोकचंच, आपल्या पंपाच्या जातीचं. त्यामुळे पेट्रोल, वाटी, ऑइल, प्लग हे सगळं जसंच्या तसं लागू. तिथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल सहसा 10 टक्क्यांपर्यंत असतं आणि काही पंपांवर इथेनॉल नसलेलंही मिळतं. हंगामाची शेवटची टाकी त्याची भरली तर उत्तम. ऑइल मात्र थंडीत पातळ राहणारं, साधारण 5डब्ल्यू-30.

वेगळं काय? रस्त्यावर टाकलेलं मीठ. ते बर्फाबरोबर यंत्राच्या पत्र्याला आणि बर्फ खेचणाऱ्या फिरत्या पात्यांना चिकटतं, म्हणून गार झाल्यावर यंत्र धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून पात्यांवर हलका ऑइलचा हात फिरवावा. पात्यांच्या दांड्यावर मुद्दाम नरम धातूच्या पिना असतात. दगड अडकला की पिन तुटते आणि गिअर वाचतो. तुटलेल्या पिनेच्या जागी घरातला साधा बोल्ट बसवणं म्हणजे गिअरचा बळी देणं. योग्य पिना एप्रिलमध्येच आणून यंत्राला पिशवीत बांधून ठेवाव्यात, कारण पहिल्या मोठ्या बर्फाच्या दिवशी दुकानात त्या उरलेल्या नसतात. इथल्या आई-वडिलांनी उन्हाळ्यात तिकडे गेल्यावर मुलाला एवढी आठवण करून दिली तर नातवंडांच्या शाळेची सोय होईल.

मंडळाचं यंत्र, पण कुणाचं काम?

घरच्या यंत्राला मालक असतो. मंडळाच्या जनरेटरला कार्यकारिणी असते, आणि ती दरवर्षी बदलते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जो तो दमलेला असतो, त्यामुळे टाकी रिकामी करायचं काम कुणाच्याच वाट्याला येत नाही. आमची सूचना साधी आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रं, अवजारं, गाड्या पुजतो. पंप त्या दिवशीच बाहेर काढून धुवावा, वरची सगळी कामं करावीत आणि मग त्याला झेंडूची माळ घालावी. जनरेटर नवरात्रात लागत असेल तर दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी. यंत्राला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधावी: ऑइल कधी बदललं, पेट्रोल काढलं का, बोळा घातला आहे, किल्ली कुणाकडे. हेच मंडळाच्या वहीतही लिहावं आणि नव्या कार्यकारिणीने हिशेब घेतो तशी त्यावर सही घ्यावी.

काही मंडळी म्हणतात, रिकामा कशाला ठेवायचा, दर महिन्याला अर्धा तास चालवू. जनरेटरसाठी ही पद्धत खरंच चांगली आहे, कारण विजेचा भागही त्यामुळे कोरडा आणि जिवंत राहतो. पण दर महिन्याला म्हणजे दर महिन्याला, दोन-चार दिवे तरी जोडून, आणि दर वेळी ताज्या पेट्रोलवर. आमच्या पाहण्यात हा नेम साधारण मकरसंक्रांतीपर्यंत टिकतो. तो पाळणारा एक माणूस नेमता येत नसेल तर रिकामं ठेवणंच बरं.

मृगाच्या आधी

यंत्र पुन्हा काढायचं ते पाऊस पडल्यावर नाही. मृग नक्षत्र 7-8 जूनला लागतं. त्याच्या आठ दिवस आधीचा रविवार धरावा. बोळा काढावा, एअर फिल्टर झटकावा, ऑइलची पातळी पाहावी आणि फक्त एक लिटर ताजं पेट्रोल घालावं. प्लगमध्ये ऑइल सोडलेलं असल्यामुळे पहिली दोन मिनिटं पांढरा धूर येईल, त्याने घाबरू नये. पंपात पाणी भरल्याशिवाय तो चालवू नये; कोरडा चालला की आतलं सील मिनिटांत जळतं. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीतून बागेत दहा मिनिटं पाणी फेकून पाहावं, पाइपच्या सांध्यातून हवा येत नाही ना ते बघावं.

चाचणी असो की खरी पुराची रात्र, इंजिन उघड्यावरच ठेवायचं आणि पाइप आत न्यायचा. तळघराच्या पार्किंगमध्ये किंवा जिन्यात चालू इंजिनाचा धूर साठतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस डोकं दुखतंय म्हणून बसतो तो उठत नाही. त्यासाठी वीस-पंचवीस फूट लांबीचा जादा पाइप आत्ताच, दिवाळीच्या खरेदीत घेऊन ठेवावा आणि पंपाशेजारीच टांगावा.